त्वरण, प्रवेग की सरळ 'पिकअप'?

पाटीपेन्सिल: शाळकरी मुलांसाठी एका इंग्रजी विज्ञानपुस्तिकेचं भाषांतर करतेय. न्यूटनच्या दुसऱ्या नियमापाशी अडले. मी लिहिलं, 'जोर दुप्पट लावला की वेग दुप्पट होतो.' तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली: वेग नव्हे, त्वरण! चूक माझीच. पण 'त्वरण' ऐकून पोराच्या डोळ्यांपुढे काय येणार? बोलण्यातला शब्द नाही का?

खडूवाला: त्वर् धातू, त्वरा, त्वरित. शब्द चोख आहे. 20 किलोची हातगाडी 40 न्यूटन बलाने ढकलत राहा, घर्षण विसरा. दर सेकंदाला वेगात 2 मीटर प्रतिसेकंदाची भर पडते. माल भरून गाडी 80 किलोची करा, बल तेच ठेवा, भर अर्ध्या मीटरवर येते. वर्गात एवढं केलं की शब्द आपोआप चिकटतो.

जुनंबाड: त्वरा म्हणजे घाई. ब्रेक लावणाऱ्याला कसली घाई? तरी त्याला 'ऋण त्वरण' म्हणायचं! विश्वकोशातला 'प्रवेग' बरा. बलाला तिथे 'प्रेरणा' आहे.

रानवाट: 'प्रेरणा' म्हटलं की मला शाल-श्रीफळ दिसतं.

चाकोरी: आमच्याकडे सगळे 'पिकअप'च म्हणतात. वडील कारखान्याला ऊस वाहायचे. एक ट्रॉली असली की ट्रॅक्टर झटक्यात निघायचा. दोन भरून जोडल्या की म्हणायचे, 'आज उचलच खाईना.' इंजिन तेच, ओझं दुप्पट. 'उचल' घ्या की!

खडूवाला: उचल म्हणजे तोडणीआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. हे ऊसवाल्याला मी सांगायचं?

चाकोरी: मग 'बल' तरी कुठे एकाच अर्थाचं आहे? राखीव पोलीस बल ढकलतं का गाडी?

जुनंबाड: 'पिकअप' इंग्रजी, 'जोर' फारसी, 'वजन' अरबी. निदान विज्ञान तरी सोवळ्यात राहू द्या.

रानवाट: 'वजन' नको ते अरबी म्हणून नाही हो! चंद्रावर वजन साधारण सहावा हिस्सा, वस्तुमान मात्र जसंच्या तसं. चाकोरींची ट्रॉली तिथे उचलायला हलकी होईल, पण वेग घ्यायला इथल्याइतकेच आढेवेढे घेईल. म्हणून वस्तुमान. उगाच सोवळं-ओवळं काय?

पाटीपेन्सिल: सध्या 'वेग किती झपाट्याने बदलतो' असं लिहून पुढे 'म्हणजेच त्वरण' जोडलंय. चालेल?

जुनंबाड: झपाट्याने? सावकाश बदलला तर त्वरण नाही?

चाकोरी: ते असू द्या. 'तुरुतुरु' पण त्वर् वरूनच ना?

खडूवाला: छे, तो नादानुकारी. 'तुरंत' म्हणा हवं तर.

चाकोरी: तुरुतुरु चालणारा माणूस घाईतच असतो. मला नाही पटत.