स्क्रीनमुळे डोळे चुरचुरतात, काम संपल्यावर लांबचं धूसर दिसतं – कुठल्या सवयी बदलू?

रानवारा
मदत हवी आहे. वय ४२, संगणकासमोर रोज आठ-नऊ तास. दुपारनंतर डोळे चुरचुरतात, मधूनच पाणीही येतं. काम संपवून मान वर केली की लांबचं काही मिनिटं धूसर दिसतं, मग आपोआप निवळतं. चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर) आहे, डोळे दोन वर्षांत तपासलेले नाहीत. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घ्याव्यात का? डोळ्यांच्या व्यायामांचा उपयोग होतो का? शिवाय मुलगी ८ वर्षांची, तिचा नंबर वर्षभरात -०.७५ चा -१.५० झाला. मोबाइल बंद केला तर थांबेल?

कोरडी_विहीर
दोन तक्रारी वेगळ्या धरा. चुरचुर कोरडेपणाची. धूसर दिसतं ते डोळ्यातला फोकसचा स्नायू जवळच्या अंतरावर आखडून राहिल्यामुळे.

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हा आकडा ५ ते ७ वर येतो, आणि त्यातही बऱ्याच वेळा वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. मग बुबुळाचा खालचा पट्टा सुकतो. पाणी येतंय म्हणजे डोळा ओला आहे असं नव्हे. सुकलेला डोळा चिडून पाणी सोडतो, पण ते पातळ असतं. गालावर ओघळतं, बुबुळावर टिकत नाही.

२०-२०-२० ठाऊक असेलच: दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद. लोक स्क्रीनवरून नजर काढतात आणि मोबाइलमध्ये घालतात! ती विश्रांती नव्हे. २० फूट म्हणजे सहा मीटर, खोली लहान असेल तर खिडकीबाहेरच बघावं लागतं. तेवढ्यात पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा, दोन सेकंद थांबून उघडा.

निळ्या काचांचं म्हणाल तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या होत्या. साध्या काचांपेक्षा थकवा कमी होतो असं काही त्यातून निघालं नाही. पैसे वाचवा. व्यायामांनी नंबर जात नाही. तो डोळ्याच्या लांबीवर आणि बुबुळाच्या गोलाईवर ठरतो. दोन्ही डोळे जवळ वळवताना त्रास होत असेल तर तपासून दिलेले व्यायाम कामाचे असतात, पण तो प्रकार वेगळा.

तिरपी_नजर
प्रोग्रेसिव्ह चष्मा म्हणालात, म्हणून विचारतो: स्क्रीन वाचताना हनुवटी वर जाते का? या काचेत जवळचा नंबर तळाशी आणि मधल्या अंतराचा पट्टा अगदी अरुंद असतो. तो पट्टा गाठायला मान मागे जाते, संध्याकाळी मानही दुखते आणि दोष मात्र डोळ्यांना लागतो.

स्क्रीन ५० ते ७० सेंमीवर, वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली ठेवा. नजर खाली झुकली की पापणी डोळा जास्त झाकते, अश्रू कमी उडतात. प्रोग्रेसिव्ह असेल तर आणखी खाली घ्या. तरीही जमत नसेल तर डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा, तो आकडा तपासणीला सांगा आणि तेवढ्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या.

एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर नको. खिडकी बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको.

मधली_काच
मुलीबद्दल. वर्षात ०.७५ ही वाढ वेगाची आहे. आधी थेंब घालून, फोकसचा स्नायू सैल करून नंबर तपासा. मुलांमध्ये त्याशिवाय उणे नंबर जास्त निघू शकतो.

नुसता मोबाइल बंद करून भागणार नाही. रोज दोन तास उघड्यावर, दिवसाउजेडी जाऊ द्या. घरात ३००-५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर दहा हजारांच्या वर. टोपी आणि सावली चालते. नंबर लागण्याआधी याचा फायदा जास्त, लागल्यावर कमी, तरी सोडू नका. पुस्तक ३० सेंमीपेक्षा जवळ नको. आणि नंबर 'सवय लागू नये' म्हणून कमी लावू नका, त्याने वाढ थांबत नाही. कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिन थेंब आणि वाढ मंदावणाऱ्या खास काचा यांबद्दल नेत्रतज्ज्ञांना स्वतःहून विचारा.

रानवारा
सगळ्यांचे आभार. हनुवटी वर जाते खरी. कोरडेपणासाठी थेंब घातले तर? घरात लाली घालवणारे आहेत.

कोरडी_विहीर
ते नकोत. रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा दाखवतात, बंद केले की लाली दुप्पट जोमाने येते. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत; त्यांनी डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो.

कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, असे वंगणाचे थेंब चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचे घ्या. खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब टाका, दुसऱ्याला तिथे जागाच नसते. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा, वेष्टनावर वेगळी मुदत नसेल तर महिन्याने टाकून द्या.

पापण्यांच्या कडा चिकट वाटत असतील तर सोसवेल इतक्या कोमट ओल्या फडक्याने पाच-दहा मिनिटं शेका. फडकं मिनिटाभरात गार होतं, पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. बहुतेकांचं इथेच चुकतं. नंतर वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी हलक्या बोटाने निपटा.

तिरपी_नजर
एक राहिलं. चाळिशीनंतर नुसता नंबर काढून येऊ नका. डोळ्याचा दाब आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्या. काचबिंदू बराच काळ पत्ताच लागू देत नाही. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी.

अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ नका, त्याच दिवशी जा. बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं नीट दिसत नाही, उजेड खुपतो. त्यामुळे जाताना गाडी चालवायला कोणीतरी सोबत असू द्या.