मदत हवी आहे: नुसता कंट्रोल आरएनए दिला तरी पेशी का भडकतात?

नमस्कार मंडळी,

इम्युनॉलॉजीत काम करणारे काही जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतेय.

पीएचडीसाठी मी टीएचपी-१ वापरते. माणसाच्या मोनोसाइटची ही जुनी सेल लाइन. पीएमए हे रसायन दिलं की तळाला चिकटते आणि मॅक्रोफेजसारखी वागू लागते. वरून एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) घातलं की टीएलआर४ या सेन्सरमार्फत एनएफ-कप्पाबी हा जनुकं चालू करणारा घटक कामाला लागतो आणि टीएनएफ, आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिनं भराभर तयार होतात. इथवर काही अडचण नाही.

माझा विषय मिर-१४६ए हा मायक्रोआरएनए, म्हणजे ठरावीक एमआरएनएंना दाबणारा छोटा आरएनए. २००६ मध्ये कॅलटेकला डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने याच टीएचपी-१ पेशींत दाखवलं, की एलपीएस दिल्यावर एनएफ-कप्पाबीच तो तयार करवून घेतो, आणि ट्राफ-६ व आयराक-१ ही त्याची लक्ष्यं आहेत. दोन्ही प्रथिनं टीएलआर४ च्या संदेशमार्गातलीच, म्हणजे हा मार्ग स्वतःचा ब्रेक स्वतःच बनवतो. तेव्हा बाहेरून मिर-१४६ए चा मिमिक (कृत्रिम नक्कल) दिला तर टीएनएफ कमी व्हायला हवा.

होतोही, पण स्क्रॅम्बल कंट्रोलच्या (अक्षरांचा क्रम विस्कटलेला, लक्ष्य नसलेला आरएनए) तुलनेत! आणि तो कंट्रोलच मुळात वर गेलेला आहे. एलपीएस न घालता फक्त स्क्रॅम्बल दिलेल्या वेल्समध्येसुद्धा टीएनएफ वाढलेला, इंटरफेरॉन-बीटाचा एमआरएनएही. नुसतं लिपिड रीएजंट (आरएनए पेशीत नेणारं) दिलेल्या वेल्स मात्र शांत. मग माझा मिमिक दाह कमी करतोय, की कंट्रोलपेक्षा जरा कमी भडकवतोय एवढंच? गाइड म्हणतात, नॉर्मलाइज कर आणि पुढे जा. मला ते पटत नाही.

दोन प्रश्न आहेत. नेमका कोणता सेन्सर पेटतोय हे कसं ओळखायचं? आणि टीएनएफचा एमआरएनए जास्त बनतोय की जास्त टिकतोय, हे कसं वेगळं करायचं?

प्रतिसाद

नॉर्मलाइज अजिबात करू नका.

सिंथेटिक मिमिकला सहसा ५-प्राइम ट्रायफॉस्फेट नसतो, म्हणून तो ट्रायफॉस्फेट ओळखणाऱ्या रिग-आय या सेन्सरवर माझा पहिला संशय नाही. (टी७ पॉलिमरेजने घरी बनवलेला आरएनए असता तर तोच पहिला.) लिपिडमधून गेलेला आरएनए आधी एंडोसोममध्ये (पेशीतल्या पिशवीत) अडकतो, आणि टीएलआर३, ७, ८ हे आरएनए ओळखणारे सेन्सर तिथेच बसलेले असतात. मोनोसाइट जातीच्या पेशींत टीएलआर८ भरपूर. त्याला युरिडीन जास्त असलेला एकपदरी आरएनए ओळखता येतो. तुमच्या स्क्रॅम्बलचा सिक्वेन्स एकदा वाचून बघा, यू आणि जी किती आहेत ते. बॅफिलोमायसिन देऊन एंडोसोमचं आम्लीकरण थांबवा. प्रतिसाद पडला तर दिशा कळली.

उपाय म्हणाल तर, युरिडीनवर २-प्राइम-ओ-मिथाइल बदल केलेला कंट्रोल मागवा, आणि मिमिकलाही तोच बदल हवा. बदललेल्या न्यूक्लिओसाइडमुळे आरएनए या सेन्सरच्या नजरेतून सुटतो हे कारिको आणि वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं. २०२३ चं नोबेल त्याचंच. पैसे असतील तर त्याहून बरं म्हणजे लेंटीव्हायरसने (जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूने) पेशीलाच मिर-१४६ए बनवायला लावणं. आणि फक्त टीएनएफवर विसंबू नका, ट्राफ-६ आणि आयराक-१ चा वेस्टर्न (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) करा.

दुसऱ्या प्रश्नाला अॅक्टिनोमायसिन डी. त्याने ट्रान्सक्रिप्शन (नवा आरएनए बनणं) थांबवून एमआरएनए किती वेगाने घटतो ते मोजा. टीएनएफच्या एमआरएनएच्या शेपटाकडे एयू-रिच (ए आणि यू जास्त असलेला) भाग असतो, तिथे टीटीपी नावाचं प्रथिन बसून तो मोडायला लावतं. पी३८ हा दाहाच्या संदेशमार्गातला एन्झाइम जागा झाला की त्याच्या हाताखालचा एमके२ टीटीपीला फॉस्फेट लावून निष्प्रभ करतो आणि एमआरएनए टिकतो. तुमचा स्क्रॅम्बल पी३८ जागा करत असेल तर जास्त बनणं आणि जास्त टिकणं, दोन्ही गोष्टी एकदमच होत असतील.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एकच भर: कोणीतरी तुम्हाला उंदराच्या रॉ २६४.७ पेशी वापरायला सांगेल. उंदराचा टीएलआर८ एकपदरी आरएनएला माणसाच्यासारखा दाद देत नाही, तिथे ते काम टीएलआर७ करतो. त्या पेशी शांत राहिल्या म्हणून तुमचा कंट्रोल टीएचपी-१ साठी चांगला ठरत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. सिक्वेन्स आत्ताच उघडून पाहिला, एका टोकाला ओळीने यू आहेत. बॅफिलोमायसिन लॅबमध्ये आहे, पण टीएचपी-१ ला किती डोस सोसतो? पेशीच मेल्या तर टीएनएफ पडल्याला काही अर्थ नाही.