चौकाला इंग्रजीत 'स्क्वेअर' म्हणायचं की 'चौक'च राहू द्यायचं?

खडूफळा (धागाकर्ता)

नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर ऑटोमोटिव्ह चौकाकडून सीताबर्डीकडे यायला लागलात, की लागोपाठ तीन स्टेशनं लागतात: इंदोरा चौक, कडबी चौक, गड्डीगोदाम चौक. मराठीत तिन्ही चौक. इंग्रजीत मात्र इंदोरा आणि गड्डीगोदाम 'स्क्वेअर' झालेत आणि मधला कडबी बिचारा चौकच राहिलाय. मुंबईत मेट्रो ३ वर हुतात्मा चौक आणि आचार्य अत्रे चौक इंग्रजीतही चौकच आहेत.

माझं मत सरळ आहे. 'चौक' हा नावाचाच भाग आहे, त्याचं भाषांतर करू नये. रोमन लिपीत लिहा आणि सोडून द्या. आपल्याकडची इंग्रजी पाटी लंडनच्या पाहुण्यासाठी क्वचितच असते. ती असते देवनागरी न वाचता येणाऱ्या तमिळ, मल्याळी, बंगाली माणसासाठी. त्याने पाटीवरचं नाव उच्चारलं की रिक्षावाल्याला ते कळायला हवं. पाटीचं काम तेवढंच.

शिवाय इंग्रजीतला 'स्क्वेअर' म्हणजे भोवताली इमारती आणि मधे माणसांना वावरायला मोकळी जागा. आपले बहुतेक चौक म्हणजे सिग्नल, वडापावची गाडी आणि एक पुतळा. तिथे कोण वावरणार?

संत्रानगरीचा

झालं, पुण्या-मुंबईचे लोक नागपूर दुरुस्त करायला निघाले! राजेहो, व्हेरायटी स्क्वेअर, लॉ कॉलेज स्क्वेअर, शंकर नगर स्क्वेअर ही नावं मेट्रोवाल्यांनी शोधून काढलेली नाहीत. मेट्रोचा पहिला खांब उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांत, डॉक्टरांच्या कार्डांवर हेच छापलेलं आहे. मराठी-हिंदीत बोलताना चौक, इंग्रजीत स्क्वेअर. अमरावतीत हेच ऐकाल. इंदूरला विजय नगर स्क्वेअर, भुवनेश्वरला जयदेव विहार स्क्वेअर. आमचा रिक्षावाला दोन्ही ओळखतो.

दुरुस्त करायचंच असेल तर कडबी चौक करा.

तिकटीवरचा

कोल्हापुरातून. बिंदू चौकाचं 'बिंदू स्क्वेअर' केलं तर भूमितीचा पेपर वाटेल. आणि मिरजकर तिकटीचं काय करणार? तीन रस्ते मिळतात म्हणून तिकटी. 'मिरजकर ट्रँगल'? नाशिककरांच्या रविवार कारंजाला 'संडे फाउंटन' म्हणा आणि चांदीचा गणपती कुठे आहे ते विचारून बघा. साकीनाका आणि मरोळ नाका ही मेट्रो स्टेशनं इंग्रजीतही नाकाच आहेत, कुणाचं काही अडलेलं नाही. खडूफळा यांना अनुमोदन.

बोरूबहाद्दर

पूर्ण असहमत. भाषांतराचं काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'नावाचं भाषांतर करू नये' हा नियम आपण स्वतः कुठे पाळतो? २०११ साली कैरोत निदर्शनं चालू होती, तेव्हा आपली वर्तमानपत्रं 'तहरीर चौक' लिहीत होती. बीजिंगचा 'तिआनमेन चौक' तर चांगलाच रुळलाय. उलट ट्रफाल्गर मात्र 'स्क्वेअर'च, आणि मुंबईतल्या हॉर्निमन सर्कलचं 'हॉर्निमन वर्तुळ' कुणी केलं नाही. इंग्रजीचंही तसंच. मॉस्कोचा रेड स्क्वेअर आणि प्रागचा वेन्सेस्लास स्क्वेअर भाषांतरित, बर्लिनचा अलेक्झांडरप्लाट्झ जसाच्या तसा. व्हॅटिकनचा सेंट पीटर्स स्क्वेअर आणि त्याला लागून असलेल्या रोममधला पियाझ्झा नव्होना सुखाने नांदतात. म्हणजे नियम असा नाहीच, नुसती वहिवाट आहे.

आता हुतात्मा चौक घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला. त्या लढ्यात गेलेल्यांचं स्मारक तिथे आहे. रोमन लिपीत 'हुतात्मा चौक' वाचणाऱ्या परक्या माणसाला यातलं काय कळतं? एखाद्या सरदाराचं नाव वाटेल त्याला. 'मार्टर्स स्क्वेअर' म्हटलं की निदान तो विचारेल, कोण हुतात्मे, कशासाठी?

खडूफळा

विचारेल, पण चर्चगेटला उतरून. 'मार्टर्स स्क्वेअर कुठे?' म्हणून. आणि टॅक्सीवाला त्याला बघतच राहील, कारण त्याच्या तोंडी आजही फ्लोरा फाउंटन आहे, फार तर हुतात्मा चौक.

तरी एक मान्य. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात 'हुतात्मा चौक, म्हणजे हुतात्म्यांचा चौक' असा खुलासा जरूर द्यावा. पुस्तकात तेवढी जागा असते. पाटीवर एकच नाव मावतं, ते लोकांच्या तोंडचं असावं.

रद्दीतलेरत्न

अप्पा बळवंत चौकाला अख्खं पुणं एबीसी म्हणतं. त्याचा स्क्वेअर केलात तर एबीएस होईल आणि लोक पुस्तकांऐवजी गाडीचे ब्रेक मागत येतील.

सातबारा

तुम्ही स्क्वेअरवर भांडताय, खरा घोळ स्पेलिंगचा आहे. कोथरूड-बावधनकडचा चांदणी चौक बघा. कुठे 'डी'नंतर 'ए' आहे, कुठे नाही. 'ए' नसलेलं स्पेलिंग टाकलं की शोधणाऱ्याला दिल्लीचा चांदनी चौक दिसतो. त्यात पुण्याच्या त्या चौकात ना चांदणी उरली ना चौक. २०२२ च्या ऑक्टोबरात जुना पूल स्फोटकांनी पाडला, आता उड्डाणपूल आणि रॅम्पचं जाळं आहे. व्याख्येप्रमाणे नावं द्यायची तर 'चांदणी इंटरचेंज' म्हणावं लागेल!

'चौक'चंही तेच. अक्षरामागे अक्षर ठेवून लिहिलं तर 'एयू' यायला हवं, पण सगळीकडे 'ओडब्ल्यू' आहे, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही. मग तेच धरा आणि देशभर एकच ठेवा. इंग्रजीने शब्द घेतलाय तर भाषांतराचा प्रश्नच कुठे येतो?

बोरूबहाद्दर

शब्दकोशात आहे म्हणजे वाचकाला माहीत आहे असं होत नाही. त्याच शब्दकोशात असे हजारो शब्द आहेत ज्यांना इंग्रजांनी जन्मात हात लावलेला नाही.

संत्रानगरीचा

खडूफळा, लोकांच्या तोंडचं नाव पाटीवर असावं हे तुमचंच वाक्य ना? मग व्हेरायटी स्क्वेअर हे आमच्या तोंडचं नाव आहे. ते पुसून 'चौक' लिहिलंत तर नाव बदलणारे तुम्ही झालात. झिरो माइलला आम्ही मराठीतही झिरो माइलच म्हणतो, कुणी 'शून्य मैल' करून मागितलं नाही.

खडूफळा

व्हेरायटीचं ठीक आहे, तो खरंच रुळलाय, त्याला हात लावू नका. पण 'गड्डीगोदाम स्क्वेअर' म्हणताना मी अजून कुणाला ऐकलं नाही.

संत्रानगरीचा

या एकदा सदरला. ऐकवतो.

तिकटीवरचा

पुण्यात अलका टॉकीज चौक कागदोपत्री लोकमान्य टिळक चौक आहे, आणि गणपतीच्या मिरवणुकीत दोन्ही नावं एकाच बातमीत येतात. तसं छापा की दोन्ही, कंसात.

बोरूबहाद्दर

कंसात कुठलं, यावर नवा धागा काढा.