गच्चीवर पत्रा, चायना मोझॅक की सोलर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमची चार मजली जुनी सोसायटी आहे. तिशी उलटली म्हणून महापालिकेच्या नियमाप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट झालं, किरकोळ दुरुस्त्या निघाल्या. खरा प्रश्न गच्चीचा. ब्रिकबॅट कोब्याला (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा वॉटरप्रूफिंगचा थर) भेगा गेल्यात, वरच्या मजल्यावर पावसात गळती आणि मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा छताला हात लावला तर गरम लागतं. एसी बिचारा नुसता घरघरत राहतो.

कमिटीतले काका म्हणतात, पत्रे टाकून मोकळे होऊ. मला ते पटत नाही. कोबा नव्याने करून वर पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) बसवला तर ऊन परावर्तित होईल, गळतीही थांबेल. शिवाय गच्चीवर सोलर बसवायचं तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल बघता 10 किलोवॅट पुरावेत. त्याला साधारण हजार चौरस फूट मोकळी जागा लागते, तेवढी आहे.

अडचण अशी, की सोलरवाला स्टँडसाठी स्लॅबमध्ये ड्रिल करतो म्हणतो. म्हणजे नवीन वॉटरप्रूफिंगला पुन्हा भोकं! काँक्रीटचे ठोकळे ठेवून स्टँड उभे केले तर पावसाळी वाऱ्यात टिकतात का? जुन्या स्लॅबला वजन झेपेल हे कुणाकडून तपासून घेतलंत? आणि मोझॅकने खोल्यांमध्ये खरंच फरक पडला का?

ज्यांच्या सोसायटीत झालंय त्यांनी खर्चासकट सांगा. पुढच्या रविवारी एजीएम आहे, काकांचं पत्र्याचं कोटेशन तयार आहे.