स्लाइम-एसबीसीएल : नोट्सच्या ढिगात खऱ्या वॉर्निंग हरवतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी चार्ज (भट्टीत टाकायच्या मालाचं मिश्रण) काढायचा प्रोग्रॅम कॉमन लिस्पमध्ये लिहितोय. कंपायलर एसबीसीएल, आणि ईमॅक्स एडिटरमधून तो चालवायला स्लाइम. स्पेक्ट्रोचं (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग आलं की आधी कार्बन इक्विव्हॅलंट काढायचा, म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा. मग पिग आयर्न किती, स्टील स्क्रॅप किती, याच्या असंख्य जोड्या तपासून स्वस्तातली बसणारी जोडी निवडायची. भट्टीवरचा माणूस उत्तरासाठी थांबलेला असतो, त्यामुळे वेग हवाच. म्हणून फाईलच्या सुरुवातीलाच डिक्लेम करून (कंपायलरला फाईलभराची सूचना देऊन) स्पीड ३, म्हणजे सगळ्यात जास्त, ठेवलाय.

आता फाईल कंपाईल करायला कंट्रोल-सी कंट्रोल-के दाबलं की वेग कुठे कमी पडतो ते सांगणाऱ्या कंपायलरच्या नोट्सनी अख्खी फाईल अधोरेखित होते. बेरीज दिसली की ‘फोर्स्ड टू डू जेनेरिक-प्लस’, फंक्शनमधून डबल-फ्लोट (दशांश संख्या) परत आला की ‘डूइंग फ्लोट टू पॉइंटर कोअर्शन, कॉस्ट १३’. पहिल्या प्रकारच्या नोट्स मला मोलाच्या वाटतात. टाइप कुठे सांगायचा राहिलाय ते त्यातूनच कळतं. पण त्यांच्यामध्येच एखादी ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ची (व्याख्याच नसलेल्या फंक्शनची) स्टाइल-वॉर्निंग, म्हणजे सौम्य वॉर्निंग, असते आणि ती नजरेला पडत नाही. माझ्या स्क्रीनवर दोन्हींच्या अधोरेषा जवळजवळ सारख्याच दिसतात. मेटा-एन दाबत एकेका अधोरेषेवरून पुढे जावं तर दर ओळीला थांबावं लागतं.

कंपायलर-नोट सरसकट मफल करायचा (दाबून टाकायचा) सल्ला वाचलाय, पण मनाला पटत नाही. उद्या टाइप चुकून हिशेब मंदावला तर सांगणार कोण? नोट्स हव्यात, पण मागेन तेव्हा. आणि वॉर्निंग कायम समोर हव्यात. तुम्ही हे कसं बसवता?

आणखी एक कोडं. तेच फंक्शन एकटं कंट्रोल-सी कंट्रोल-सी ने कंपाईल केलं तर एकही नोट येत नाही. असं का?

प्रतिसाद १

दादा, कोड्यापासून सुरू करतो. कंट्रोल-सी कंट्रोल-सी फक्त तेवढाच फॉर्म (कोडचा तुकडा) पाठवतं. वरचा डिक्लेम त्याच्याबरोबर जात नाही, म्हणून स्पीड नेहमीचाच राहतो आणि वेगाच्या नोट्स निघत नाहीत. यातच तुमचं उत्तर आहे. स्पीड ३ फाईलवरून काढा आणि जोड्या तपासणाऱ्या आतल्या लूपच्या फंक्शनमध्येच डिक्लेअर करा. बाकीची फाईल शांत होईल, आणि ते फंक्शन कुठल्याही कीने कंपाईल केलंत तरी नोट्स सारख्याच येतील.

फ्लोटची नोट वेगळी आहे. साध्या कॉलमधून डबल-फ्लोट परत द्यायचा तर एसबीसीएलला तो हीपवर (मेमरीत वेगळी जागा घेऊन) ठेवून पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, द्यावा लागतो. कार्बन इक्विव्हॅलंटचं फंक्शन छोटं आहे, त्याच्या आधी इनलाइनचा डिक्लेम द्या, म्हणजे त्याचा कोड कॉलच्या जागीच घातला जाईल, लूपमधला तो खर्च वाचेल. त्या फंक्शनमध्येही स्पीड ३ ठेवलात तर मूळ व्याख्येवर नोट तरीही येतच राहील. तिथे डिफनला (फंक्शनच्या व्याख्येला) लोकलीमध्ये गुंडाळून आत मफल-कंडिशन्स लिहा. एवढ्या एकाच जागी मफल करणं मला रास्त वाटतं, कारण ती नोट वाचून तुम्ही निर्णय घेतलेला असतो.

वेगळं बघण्यासाठी मेटा-एक्स करून स्लाइम-लिस्ट-कंपायलर-नोट्स चालवा. सगळं गंभीरतेप्रमाणे गटागटाने, झाडासारखं दिसतं. स्लाइम-नोट-फेसचा (नोट्सच्या अधोरेषेचा) रंगही फिका करून ठेवा. वाचून झालं की कंट्रोल-सी मेटा-सी, अधोरेषा साफ.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण तुमचा खरा धोका अनडिफाइन्ड फंक्शनचा आहे, त्याबद्दल सांगतो. फंक्शनचं नाव बदललंत तरी जुनी व्याख्या चालू इमेजमध्ये (सुरू असलेल्या लिस्पच्या मेमरीत) जिवंत असते. जुन्या नावाचा कॉल कुठे राहिला असेल तर वॉर्निंग येतच नाही, सगळं चालतं. फौंड्रीतल्या मशीनवर नव्याने लोड केलं की मग अडतं. नाव बदललं की जुन्या नावावर कंट्रोल-सी कंट्रोल-यू मारून ती व्याख्या काढून टाका, आणि तिकडे पाठवण्याआधी नव्या इमेजमध्ये एकदा पूर्ण बिल्ड करा.

बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये कंपाईल-फाईल या फंक्शनची तिन्ही उत्तरं घ्या. बरेच जण फक्त तिसरं, फेल्युअर-पी तपासतात. एसबीसीएलमध्ये अनडिफाइन्ड व्हेरिएबल ही पूर्ण वॉर्निंग असल्याने ती तिथे पकडली जाते. अनडिफाइन्ड फंक्शन मात्र स्टाइल-वॉर्निंग आहे, ती तिथून निसटते. ती दुसऱ्यात, वॉर्निंग्ज-पी मध्ये सापडते. नोट्स या दोन्हींत मोजल्या जात नाहीत, म्हणजे स्पीड ३ कितीही ठेवा, बिल्ड त्यांच्यामुळे अडणार नाही.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. स्पीड आतल्या फंक्शनमध्ये नेला, आणि गटांच्या यादीत आता स्टाइल-वॉर्निंग वेगळ्या दिसताहेत. त्यातल्या बहुतेक न वापरलेल्या व्हेरिएबलच्या आहेत. स्पेक्ट्रोच्या ओळीतून सल्फर वाचतो पण या हिशेबात लागत नाही, तिथे ती वॉर्निंग थांबवायला इग्नोर लिहायचं की इग्नोरेबल?

प्रतिसाद २

कधीच वापरणार नसाल तर इग्नोर. पुढे कधी चुकून वापरलंत तर एसबीसीएल उलट तेच सांगेल. इग्नोरेबल मॅक्रोसाठी (कोड तयार करणाऱ्या कोडसाठी) ठेवा, जिथे व्हेरिएबल कधी वापरलं जातं, कधी नाही.