कॅल्शियम स्कोअर शून्य आला, तर निर्धास्त राहावे का?

प्रश्न : माझे वय ५२ आहे. वडिलांना पन्नाशीतच हृदयविकाराचा झटका आला होता, म्हणून मी हृदयाचा सीटी स्कॅन करून घेतला. कॅल्शियम स्कोअर शून्य आहे. तरीही जिना चढताना छातीत जडपणा जाणवतो. याचा अर्थ कसा लावावा?

उत्तर १ : या तपासणीत रंगद्रव्य न टोचता धमन्यांच्या भिंतींत साचलेले कॅल्शियम मोजतात, पडद्यावर ते पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांसारखे दिसते. शून्य ही दिलाशाची बाब खरीच, परंतु ज्यांत अजून कॅल्शियम साचलेले नाही असे धमनीतील चरबीचे मऊ थर या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. मुळात ही चाचणी प्रामुख्याने लक्षणे नसलेल्यांसाठी आहे, आणि आपल्याला तर त्रास होतो आहे. कृपया हृदयरोगतज्ज्ञांना लवकर भेटा. बसल्या जागी दुखू लागल्यास थेट रुग्णालय गाठा.

उत्तर २ : सहमत. डॉक्टर कदाचित सीटी अँजिओग्राफी ही पुढची तपासणी सुचवतील. तिच्यात आयोडीनयुक्त रंगद्रव्य शिरेतून देतात, त्यामुळे धमनी कोठे अरुंद झाली आहे तेही कळते. माझ्या वेळी हृदयाचे ठोके मंदावण्यासाठी आधी गोळी दिली होती, आणि द्रव्य आत जाताच अंगभर ऊब पसरली. तेव्हा घाबरू नये. मूत्रपिंडाचा विकार किंवा ॲलर्जी असल्यास मात्र आधीच सांगावे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. उद्या सकाळचीच वेळ घेतली आहे.