नांदेडचा अंगीठा साहिब म्हणजे गुरूंची समाधी का?

प्रश्न – प्रवासी_आई
पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन नांदेडला जाणार आहे. आजी म्हणायची, तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरु गोविंदसिंहांची समाधी आहे. पण ऑफिसातल्या सरदार मैत्रिणीला समाधी हा शब्द खटकला. मग आतल्या खोलीत नक्की काय आहे? आणि तिथे शस्त्रं कशाला? बाबांना नुसतं हात जोडून परतायला आवडत नाही, समजून घ्यायचं असतं.

उत्तर – गोदाकाठचा
मी नांदेडचाच, शाळा गुरुद्वाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर होती. तुमच्या मैत्रिणीला का खटकलं ते सांगतो. १७०८ साली गुरुजी मुघल बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले. गोदेच्या काठी माधोदास बैरागी भेटला, तोच पुढे शिखांचा सेनानी बंदासिंह बहादूर झाला. इथेच एका पठाणाने गुरुजींवर वार केला. जखम शिवली होती. पुढे एक कडक धनुष्य ओढताना टाके तुटले, असं परंपरा सांगते. ७ ऑक्टोबर १७०८ ला ते गेले. त्याआधी त्यांनी गुरुगादी कुणा माणसाला न देता गुरु ग्रंथ साहिबांना, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथाला दिली. म्हणून शिखांच्या लेखी गुरू आजही समोर बसलेले आहेत. समाधी म्हटलं की गुरू होऊन गेले असा अर्थ होतो, आणि खटकतं ते हेच.

जिथे अग्निसंस्कार झाला ती जागा म्हणजे अंगीठा साहिब. त्यावर आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ मध्ये उभारली. आतल्या खोलीत सगळ्यांना जाता येत नाही, तिथली सेवा मुख्य पुजारीच करतात. दिवसा गुरु ग्रंथ साहिब बाहेरच्या दालनात असतात, रात्री आत नेतात. शेजारी दसम ग्रंथ, म्हणजे गुरु गोविंदसिंहांच्या नावाचा ग्रंथही असतो. सचखंड हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च पीठांपैकी एक; पंजाबातल्या तख्तांवर दसम ग्रंथ ठेवायची ही रीत नाही, पंजाबी भाविक हमखास विचारतात.

शस्त्रांचं म्हणाल तर संध्याकाळी नक्की थांबा. पाठ झाल्यावर गुरूंची शस्त्रं एकेक करून संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना दाखवतात: तलवारी, धनुष्य, ढाल. लहानपणी आम्ही पुढची जागा मिळावी म्हणून धावायचो. ते धनुष्य पाहताना मला अजून टाक्यांची ती गोष्ट आठवते आणि घसा दाटतो.

पहाटेही जमलं तर उठा. एक सेवादार गोदावरीवरून गागर भरून आणतो, त्या पाण्याने तख्ताला स्नान घालतात. रोज, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. दिवाळीच्या सुमारास तर अख्खी संगत गागरी घेऊन नदीवर जाते आणि शस्त्रं धुतली जातात. दसऱ्याला निशाण आणि घोड्यांसह ‘हल्ला’ नावाची मिरवणूक निघते. घोडे गुरूंच्या घोड्याच्या वंशातले मानले जातात, त्यांच्यावर कुणी बसत नाही.

उत्तर – नरसीचा_वारकरी
वरच्यांनी छान सांगितलं. एक भर घालतो, कारण आम्हा हिंगोलीकरांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या ग्रंथ साहिबांत आमच्या नामदेवरायांची ६१ पदं आहेत. म्हणजे तुमचे बाबा ज्यांच्यापुढे डोकं टेकवतील त्यात आपल्या मराठी संताचीही वाणी आहे. येताना हिंगोलीजवळच्या नरसी नामदेवला, म्हणजे त्यांच्या गावी जाऊन या, एका दिवसात होतं.

प्रवासी_आई
हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न: सचखंडाला अबचलनगरही म्हणतात, ते नाव कुठून आलं?

गोदाकाठचा
गुरुबाणीतूनच, म्हणजे ग्रंथ साहिबांतल्या पदांतून. 'अबिचल नगर गोबिंद गुरू का' अशी पाचवे गुरू अर्जनदेवांची ओळ आहे. अबिचल म्हणजे न ढळणारं. आणि हो, सचखंडाबरोबर बंदा घाट आणि नगीना घाटही ठेवा, दोन्ही नदीकाठीच आहेत. बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर सकाळी लवकर जा, दुपारी फरशी फार तापते आणि चपला बाहेरच काढाव्या लागतात.